आईचं घर रिकामं करतेय: काय ठेवायचं, काय नाही, हे ठरवायचं कसं?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

आमची सदाशिव पेठेतली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई ७८ वर्षांची, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. साडेतीन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायचीय, मग निदान तीन वर्षं आई कोथरूडला माझ्या शेजारच्या इमारतीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहील. म्हणजे तीन खोल्या, दोन माळे आणि जिन्याखालचं कपाट एवढं सगळं दीड खोलीत बसवायचंय.

सामान म्हणजे: तांब्या-पितळेची भांडी दोन पोती भरतील एवढी, बाबांच्या १९६८ पासूनच्या हिशेबाच्या वह्या (एकही वर्ष चुकलेलं नाही), आजोबांच्या कीर्तनाच्या साठ-सत्तर कॅसेटी, आजीची नऊवारी लुगडी, एक मोडी कागदांचं बोचकं जे घरात कुणालाच वाचता येत नाही, दिवाळी अंक मोजलेच नाहीत, देव्हाऱ्यात सव्वीस देव. भाऊ कॅनडात. तो फोनवर म्हणतो "सगळं काढून टाक", आणि दुसऱ्या दिवशी मेसेज करतो "माझी कॅरम आहे ना?"

गेल्या शनिवारी माझ्या हातून चूक झाली. माळ्यावरची चार पितळी भांडी मोडीत दिली. त्यातल्या एका पोचे आलेल्या तपेलीवर तर आमच्यापैकी कुणाचं नावही नव्हतं, भलत्याच कुणाचं होतं, म्हणून ती पहिली काढली. आत फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ होते, किडे झालेले, ते टाकले. संध्याकाळी आईला कळलं. ती ओरडली नाही, पण रात्री जेवलीच नाही. मी खूप विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ती काही आपली नव्हती गं."

म्हणून विचारतेय. तुम्ही हे केलंय का? कसं ठरवलंत?

अनिकेत_व
मी केलंय, एकट्याने. काका अविवाहित होते, ते गेल्यावर गिरगावातली त्यांची खोली मी अकरा रविवार रिकामी करत होतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन वाटायचं की ही त्यांनी का ठेवली असेल, आणि सांगायला कुणीच नव्हतं. शेवटच्या दोन रविवारी मी बघणंच बंद केलं, सरळ पोत्यात. त्याचा त्रास अजून होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आपल्या मागे मुलांना हे करायला लागू नये. वापरात नाही ते काढा. आठवण डोक्यात असते, भांड्यात नसते.

रानजाई
अनिकेत, तुमचा त्रास समजला पण निष्कर्ष नाही पटला. तुम्हालाच वाईट वाटतंय की सांगायला कुणी नव्हतं. मृण्मयीकडे सांगणारं माणूस आहे! आई समोर बसलीये. मग भांड्याआधी आईला विचारायला नको का?

वरळीचा_बंड्या
मृण्मयीताई, आधी ती तपेली मोडवाल्याकडून परत आणा. लगेच. ते लोक माल लगेच पुढे पाठवतात.

जर्सीकर
+१ बंड्या. बाकी चर्चा नंतर.

मृण्मयी_पुणे
आणली! सोमवारी सकाळी गेले, ढिगात तळाला होती. वजनावर दिली होती, वजनावरच परत घेतली, दुकानदार बिचारा म्हणाला असं महिन्यातून एकदा तरी कुणीतरी येतं. बाकीची तीन गेली. आईच्या समोर ठेवली, तिने पदराने पुसली, आणि आत बघितलं. तांदूळ कुठे विचारलं. मी टाकले म्हणाले तर गप्प. अजून काही सांगत नाहीये, मीही खोदून विचारलं नाही.

तुळशीवृंदावन
वाचून पोटात कालवलं. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

निवृत्त_कारकून
मी चाळीस वर्षं कागदांतच घालवली, म्हणून कागदांपुरतं बोलतो. मृण्मयी, काहीही रद्दीत देण्याआधी प्रत्येक कागद उलटून बघा. अक्षरशः प्रत्येक. वह्यांच्या पुठ्ठ्याच्या आत, देवघरातल्या पोथीत, साड्यांच्या घडीत लोक कागद ठेवायचे.

शेअर सर्टिफिकेट सापडलं तर जुनं म्हणून फाडू नका. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर ते शेअर आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, पण बुडत नाहीत, वारसाला अर्ज करून परत मिळतात. कागदी शेअरची नेहमीची खरेदी-विक्री एप्रिल २०१९ पासून बंद आहे, वारसाहक्काने नावावर करून घेता येतात. बँकेचं जुनं पासबुक मिळालं तर तेही ठेवा. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तिथूनही वारसाला मिळते. शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, बाबांचं नाव आणि पॅन टाकून बघा. खरेदीखत, फेरफार, सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला ह्यांची वेगळी फाइल आजच करा आणि ती टेंपोत देऊ नका, स्वतःच्या हातात ठेवा.

मोडी कागद तर घराजवळच जाऊ द्या. भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या पेठेतच आहे, १९१० पासून हेच काम करतंय. आधी मोडी वाचणाऱ्या कुणाकडून काय आहे ते वाचून घ्या. घरचा खासगी हिशेब असला तरी त्या काळचे भाव, नाती, गावं त्यात असतात. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा मारतात. सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवला तरी पुरे.

मृण्मयी_पुणे
काका, काय सांगू. तुमचं वाचून वह्या उलगडल्या. शेअर नाही मिळाले पण १९७२ च्या वहीत रेशनचा मिलो (परदेशी लाल ज्वारी) आहे, आठवडा आठवडा. दुष्काळात पुण्यातही मिलो खायचे हे मला माहीतच नव्हतं, आई म्हणाली लाल भाकरी व्हायची आणि तुझे बाबा गुळाबरोबर खायचे. आणि एका पानावर "गॅस आला", त्याखाली "पेढे पाव किलो". गॅसचा नंबर लावल्याची नोंद पाच वर्षं आधीच्या वहीत आहे. मी ती दोन पानं शेजारी ठेवून बसलेच.

आता सांगा, सत्तावन्न वह्या कुठे ठेवू?

अनिकेत_व
सत्तावन्न कशा? बाबा चार वर्षांपूर्वी गेले ना?

मृण्मयी_पुणे
शेवटच्या चार आईच्या आहेत. तिने चालू ठेवल्या. हे मलाही आत्ताच कळलं.

रानजाई
🙏

सांगलीकर_बापू
आमच्याकडं हा प्रश्न कृष्णामाईनं सोडवला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या तळमजल्यावर छताला हातभर राहिलं होतं. २००५ ला पण आलं होतं पण एवढं नाही, त्यामुळं आम्ही २००५ च्या खुणेच्या वर सगळं उचलून ठेवलं आणि वरच्या मजल्यावर गेलो. ती खूण कुठच्या कुठं बुडाली.

पाणी उतरल्यावर आत गेलो तर लग्नाचे अल्बम फुगून विटेसारखे झालेले. पानं सुटेनात. आई एकेक फोटो पाण्यात धूत बसली, ओढू नको म्हणून तिला कुणी तरी सांगितलं होतं, तर चाळीसएक वाचले, वर्तमानपत्रावर नाही, धोतराच्या तुकड्यांवर वाळत घातले. बाकी सगळा गाळ. भावाभावांत ज्या कपाटावरून बोलणं बंद होतं ते कपाट ट्रॅक्टरमध्ये टाकताना दोघांनीच उचललं.

अनिकेत, तुम्ही म्हणता आठवण डोक्यात असते. असते. पण माझ्या आजोबांचा एकच फोटो होता आणि तो गेला, आता मला त्यांचा चेहरा आठवायचा तर माझ्या वडलांचा आठवतो. म्हणून ताई, फोटो आधी. भांडी नंतर.

अनिकेत_व
बापू, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फोटोबद्दल मान्य.

जर्सीकर
फोटोंचं मी दोन वर्षांपूर्वी केलंय ते सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, वर प्लास्टिकचा पापुद्रा, त्यातून फोटो लवकर बाहेर काढा. तो गोंदच फोटो खातो. ओढायचा नाही, दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा, सुटतो. मागे मऊ पेन्सिलने नाव लिहायचं, बॉलपेनने नाही. आणि स्कॅन करून तीन जागी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

पण खरं महत्त्वाचं म्हणजे मी स्कॅन करताना आईला व्हिडिओ कॉलवर घेऊन बसायचो. माझ्या रात्री, तिच्या सकाळी. स्कॅन करून घेणं दोन दिवसांचं काम होतं, आम्ही सात महिने पुरवलं. त्या सगळ्याचं रेकॉर्डिंग आहे. आता ती नाही.

सामानाचं म्हणाल तर मी प्रत्येक खेपेला तेवीस किलोच्या दोन बॅगांत बसेल तेच आणलं. पहिल्या वर्षी लाडू-चिवडा काढून पाट आणला. लोकांना वेड लागलंय असं वाटलं. पण आता दिवाळीच्या पहाटे मुलगी त्याच पाटावर बसते, पाय त्याच्याबाहेर येतात तिचे, तरी दुसऱ्यावर बसत नाही.

कापूस_रेशीम
लुगड्यांवर कुणी बोललं नाही म्हणून मी. मृण्मयी, नऊवारीतलं कुठलं सुती आणि कुठलं रेशमी ते आधी वेगळं करा. सुती मऊ पडलेली लुगडी म्हणजे गोधडीचं सोनं. पण आतला थर म्हणून घालू नका, तुमच्या आजीचा सगळ्यात ओळखीचा रंग वर येऊ द्या. आमच्याकडे आत्याने शिवली, धावदोऱ्याचे टाके, चार लुगडी एका गोधडीत गेली. चार माणसांना वाटून दिली आणि कपाटातलं एक फळकूट रिकामं झालं.

रेशमी असतील तर घड्या आजच बदला. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की जरीपाशी चिरतं. डांबरगोळी थेट जरीला लावू नका, काळी पडते. वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून ठेवा. आणि दारावर "जुन्या जरीच्या साड्या घेतो" म्हणत येणारे असतात त्यांना घाईने काही देऊ नका. जुनी जर चांदीच्या तारेची असते, ती जाळून ते चांदी काढतात. द्यायची तर माहितीने द्या. माझ्या सासूबाईंनी पैठणी एका स्टीलच्या डब्यावर बोहारणीला दिली होती, त्यांच्या सासूबाईंची. तो डबा अजून आहे आमच्याकडे आणि सासूबाई त्यात काही भरत नाहीत.

टपरीवाला
अवांतर: बोहारीण हल्ली येते का कुणाकडे? आमच्या लहानपणी ती आणि आई दोन-दोन तास घासाघीस करायच्या, मध्ये चहा व्हायचा. शेवटी आई म्हणायची राहू दे, बाई उठायची, जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. आम्ही पोरं पैज लावायचो कितव्या पायरीवरून परत येते. 😄

कापूस_रेशीम
कोल्हापूरला माहेरी अजून येते. पायरी नाही मोजली कधी, मोजून सांगते 😄

केप्याची_शमा
मी गोव्याची, केपें. आमचं घर दोनशे वर्षांचं तरी असेल आणि त्याचे वाटेकरी आज एकतीस. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची वारसाहक्काची पद्धत अजून चालते, मुलगा-मुलगी सारखाच वाटा, आणि वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंटरी होते, घरातल्या वस्तूंचीसुद्धा यादी. त्यामुळे आमच्याकडे कुणी एकट्याने काही फेकूच शकत नाही. पूर्वी मला ह्याचा राग यायचा.

पण चवथीला ये म्हणते बघायला. एकतीस वाट्यांचे लोक एका घरात जमतात, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट खाली काढतात, आंघोळीच्या पाण्याची तांब्याची भाण पेटते, पन्नास माणसांचं जेवण ज्यात होतं ती भांडी एरवी कुणाच्या फ्लॅटमध्ये मावणारच नाहीत. वर्षाचे तीनशे साठ दिवस अडगळ आणि पाच दिवस घर. आता ती अडगळ म्हणायची की काय म्हणायची ते तुम्हीच सांगा.

वरळीचा_बंड्या
शमाताई, तुमच्या घरात आमची अख्खी चाळ मावेल!

माझं उलट आहे. मी बीडीडी चाळीतला. एकशे साठ चौरस फुटांत आम्ही सात जण. आमच्याकडे ठेवणं हा प्रकारच नव्हता, एक वस्तू आत आली की एक बाहेर जायची, आजीचा कायदाच होता तो. भिंतीवर एक फळी, त्यावर देव, रेडिओ आणि आजोबांचा गिरणीतला डबा. गिरणी १९८२ च्या संपानंतर उघडली नाही, डबा राहिला.

आता पाचशे फुटांचं घर आलंय. सगळं ठेवायला जागा आहे आणि ठेवायला आमच्याकडे तो डबा आहे. आईने नवीन किचनमध्ये वरच्या ट्रॉलीत ठेवला होता, मी काढून हॉलमध्ये ठेवला, तिने परत आत ठेवला. आठवडाभर हेच. मग विचारलं का गं, तर म्हणाली, "डबा आहे तो. डबा स्वयंपाकघरातच असतो, भरून निघायला." मी गप्प बसलो. आता तिथेच आहे.

तुळशीवृंदावन
बंड्या 🙏🙏

देवांबद्दल लिहायचं होतं. सव्वीस देव म्हणजे तीन पिढ्यांचे देव्हारे एकत्र आलेत, बहुतेक घरांत असंच होतं. आमच्याकडे एकोणीस होते. आमच्या गुरुजींनी सांगितलं ते लिहिते, तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर तीच पाळा. कुलदेवतेचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख-घंटा हे ठेवायचं. एकाच देवाच्या दोन-तीन मूर्ती असतील तर घरातल्या मुलींना, सुनांना द्यायच्या, पूजा होईल अशा घरी. झिजून नाक-डोळे गेलेले टाक सोनाराकडून त्याच चांदीत नवे करून घेता येतात, टाकून द्यायचे नाहीत. भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन. फ्रेमच्या फोटोंचं मात्र काच-लाकूड नदीत सोडू नका हो, काच वेगळी काढा, कागद तुळशीच्या मातीत जाऊ दे.

आमच्या सासूबाईंनी दुसरी एक गोष्ट केली. जायच्या आदल्या वर्षी, धडधाकट असताना, संक्रांतीला सगळ्या लेकी-सुना-नातींना बोलावून स्वतःच्या हातानं वाण म्हणून भांडी वाटली. प्रत्येक भांडं देताना त्याची गोष्ट सांगितली. मला अडकित्ता मिळाला, मी सुपारी खात नाही, तरी मलाच. म्हणाल्या तुझ्याकडे टिकेल.

निवृत्त_कारकून
अडकित्त्यावरून आठवलं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं, दिव्यांचं, तांब्या-लोट्यांचं दालन आहे. दिनकर केळकरांनी सात वर्षांच्या मुलाच्या, राजाच्या आठवणीत तो सगळा संग्रह उभा केला आणि १९६२ मध्ये सरकारला दिला. आईंना घेऊन जा मृण्मयी. घरात जे मोडीत निघालंय तेच तिथे काचेत बघितलं की त्यांनाही बोलावंसं वाटेल.

रानजाई
कॅसेटींचं राहिलंच. आजोबांच्या आवाजातलं कीर्तन म्हणजे बाकी सगळ्याच्या आधी ते करा, टेप दरवर्षी खराब होते. उचलून सरळ प्लेअरमध्ये घालू नका. खिडकीतून बघा, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, ती जाणकाराकडेच. बाकीच्या आधी पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून घ्या. वरच्या कडेच्या दोन बारीक प्लास्टिकच्या पाकळ्या तोडा म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. आणि संगणकावर घेताना आधी मोठ्या, न दाबलेल्या फाइलमध्ये घ्या, व्हॉट्सॅपवर पाठवायला छोटी नंतर करता येते.

टपरीवाला
आणि भावाची कॅरम?

मृण्मयी_पुणे
भावाची कॅरम आहे, सोंगट्या अकरा आहेत. त्याला कळवलं. म्हणाला स्ट्रायकर असला तरी पुरे, तो घेऊन जाईल.

आता मुख्य. उशीर झाला लिहायला, दीड महिना नुसती धावपळ चाललीये.

तुम्ही सगळ्यांनी आईला विचार म्हणालात, म्हणून मी रोज संध्याकाळी एकच भांडं तिच्यासमोर ठेवायला लागले. चिंच लावून घासायचं, नाव दिसायला लागलं की ते तिने मोठ्याने वाचायचं, आणि मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं. "सौ. अमुक हिस मामाकडून." "कै. अमुक यांचे स्मरणार्थ." आमच्या घरातल्या बायकांची जी नावं कुठल्या कागदावर नाहीत ती भांड्यांवर आहेत. आजीचं माहेरचं नाव मला पन्नासाव्या वर्षी एका फिरकीच्या तांब्यावर कळलं.

ती तपेली मात्र ती पुढे ढकलत होती. परवा स्वतःच म्हणाली आण.

१२ जुलै १९६१. आई चौदा वर्षांची, माहेर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. सकाळी पानशेत फुटल्याची बातमी आली तरी कुणाला खरं वाटेना, मग खडकवासल्याचंही धरण गेलं आणि लकडी पुलावरून पाणी चाललंय म्हणत लोक धावायला लागले. आजी चार पोरांना घेऊन पर्वतीच्या अंगाला ओळखीच्यांकडे गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी. दोन दिवसांनी परत आले तर वाड्यात गुडघाभर चिखल. त्या चिखलात भांडी होती, स्वतःचीही आणि लोकांचीही, पाण्याबरोबर इकडची तिकडे गेलेली. आजीने लोकांची भांडी वेगळी काढली, घासली, आणि वाड्याच्या ओट्यावर ओळीने मांडून ठेवली, नाव पुढे करून. गल्लीत सगळेच तसं करत होते म्हणे. लोक यायचे, वाकून नावं वाचत जायचे, आपलं सापडलं की घेऊन जायचे. आईच्या घरचा हंडा असाच शनिवार पेठेतून परत मिळाला, आत दोन मुठी गहू घालून. त्या दिवसांत, जेव्हा कुणाकडेच काही नव्हतं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ना आपल्यात.

महिनाभरात ओटा मोकळा झाला. एक तपेली राहिली.

आजीने त्यात मूठभर तांदूळ बांधून ठेवले, कुणी आलं तर रिकामी द्यायला नको म्हणून. दरवर्षी आषाढात जुने काढून नवे भरायची. आजी गेल्यावर तपेली आईकडे आली आणि आई भरायला लागली. गुडघ्यांमुळे सहा-सात वर्षं तिला माळ्यावर चढता येत नव्हतं आणि आम्हाला सांगायला संकोच वाटायचा, मुलं म्हणतील काय हे. किडे म्हणून झाले.

मी ते तांदूळ कचऱ्यात टाकले होते.

कापूस_रेशीम
ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय. पुढे काही लिहिता येत नाही.

सांगलीकर_बापू
ताई, २०१९ ला आमच्या दारात पण दुसऱ्याचा पितळी डबा आला होता. आम्ही आठवडाभर ठेवला आणि मग भंगारात दिला, त्यावर नाव होतं का ते बघितलं पण नाही. आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा.

अनिकेत_व
मी वर लिहिलं होतं आठवण भांड्यात नसते. मागे घेतो. काकांच्या खोलीतून मी एक किल्ली आणली होती, कशाची माहीत नाही, तेवढीच ठेवलीये. ती आता फेकणार नाही.

निवृत्त_कारकून
मृण्मयी, तपेलीवरचं पूर्ण नाव इथे टाका ना. इतके लोक वाचतायत, पेठेतल्या जुन्या घरांची मंडळी आहेत. चौसष्ट वर्षं झाली म्हणून काय झालं, नातवंडं असतील.

जर्सीकर
अनुमोदन! फोटोही टाका. मी इकडच्या पुणेकरांच्या ग्रुपवर फिरवतो.

मृण्मयी_पुणे
आईला विचारलं. नाही म्हणाली. "नाव आपण सांगायचं नाही, येईल त्याने सांगायचं. ओट्यावर तसंच होतं, आईला नुसतं आमची आहे म्हटलेलं चालायचं नाही."

तेव्हा एवढंच लिहिते: पितळेची तपेली, साधारण दोन शेर तांदळाची, काठाला एक डाग दिलेला, नावाचं पहिलं अक्षर स. नारायण, शनिवार, कसबा ह्या बाजूला कुणाच्या आजी-पणजीचं घर असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, पानशेतच्या पुरात तपेली गेली होती का. मला विपूत (इथल्या माझ्या पानावर) निरोप द्या, मी आईला फोन देते.

बाकी हिशेब: मोडी कागद मंडळात दाखवायला नेलेत. कॅसेटी एकोणपन्नास निघाल्या, बारा बुरशीच्या बाजूला काढल्यात. गोधड्या दोन शिवायला दिल्यात, आजीचं जांभळं लुगडं वर. दिवाळी अंक एका गावच्या वाचनालयाने आनंदाने नेले, स्वतः टेंपो घेऊन आले. भांड्यांतली एकोणीस ठेवली, बाकीची आईने रविवारी भाच्या-पुतण्यांना बोलावून स्वतः वाटली, तुळशीवृंदावन तुमच्या सासूबाईंसारखी. वह्या सगळ्या येतायत. त्यासाठी माझा दिवाण रिकामा केलाय.

उद्या सकाळी आठला टेंपो. तपेली टेंपोत जाणार नाही, आई रिक्षात मांडीवर घेऊन बसणार आहे. आज दुपारी तिने आंबेमोहोर निवडला.

वरळीचा_बंड्या
ताई, पोचलात की कळवा.